तळ्याच्या तळाशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही "गाळ" असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते अदबीने म्हणाले, "साहेब, गझल म्हणालात का?" आम्ही पुन्हा एकदा "गाळ" असे स्पष्ट उच्चारले, आणि त्यांनी मोठ्या मनाने तो विषय पत्रिकेत छापला.

उत्सवाच्या प्रसंगी गाळाविषयी बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. आपल्या भाषेत माणूस बुडाला की तो 'गाळात गेला' असे आपण म्हणतो. परंतु पन्नास वर्षांचा आढावा घ्यावयाचा तर जे वर दिसते तेवढेच पाहून भागत नाही. तळाशी काय साचले तेही पाहावे लागते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेपुरताच. मात्र सरकारी नोकरीत जाडजूड अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची सवय लागते. त्या सवयीने जे हाती लागले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

बंगळूर हे नदीकाठी वसलेले शहर नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर ते आहे, आणि ह्या पठाराच्या माथ्यावरून पावसाचे पाणी चहूकडे उतरून जाते. ते अडविण्यासाठी इथल्या पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक अशी तळी बांधली. कन्नडमध्ये त्यांना 'केरे' म्हणतात. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी 'राजकालुवे' नावाच्या पाटाने खालच्या तळ्यात उतरे. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास शहर वसविले तेव्हाही हीच रीत होती. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी ते एकोजीराजांकडून घेऊन तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांना विकले. म्हणजे सुमारे अर्धशतक ह्या शहरात मराठी माणसांचा वावर होता, आणि तेही ह्याच तळ्यांचे पाणी प्याले. आपण इथले अगदीच परके नव्हे, ते असे.

ह्या तळ्यांत गाळ साचतच असे. उन्हाळ्यात पाणी आटले की आसपासचे शेतकरी बैलगाड्या घेऊन येत आणि तो काळा, मऊ गाळ आपल्या शेतात नेऊन पसरीत. त्यायोगे तळे खोल होई आणि शेत सुपीक होई. कुंभार त्याच गाळाची मडकी घडवीत, विटा पाडीत, आणि भाद्रपद जवळ आला की गणपतीही घडवीत. गाळ ही तेव्हा घाण नव्हती, ती गावाची ठेव होती. ही गोष्ट आपण मनात धरून ठेवावी अशी आमची विनंती आहे, कारण पुढच्या सर्व कथेचे मर्म तिच्यात आहे.

१९७४ मध्ये कावेरीचे पाणी पहिल्या टप्प्यात बंगळुरास आले. सुमारे १०० किलोमीटरवरून आणि जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणलेले हे पाणी घरोघरी नळाने येऊ लागले. त्याच सुमारास आपल्या मंडळाची स्थापना झाली. आपल्यापैकी अनेकांचे वडील इथल्या विमानांच्या, दूरध्वनींच्या, घड्याळांच्या आणि यंत्रांच्या सार्वजनिक कारखान्यांत नोकरीस होते. विमानांचा कारखाना तर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीच सुरू केलेला. १९७१ च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख वस्तीचे हे शहर २०११ मध्ये सुमारे ८५ लाखांवर गेले.

नळाला पाणी आले आणि तळ्याची गरज संपली. ज्या वस्तूची गरज संपते तिची लाजही संपते. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तळ्यावर क्रीडांगण उभे राहिले. जी तळी उरली त्यांत पावसाच्या पाण्याऐवजी सांडपाणी येऊ लागले. दुरून आणलेली कावेरी आपण घरात वापरतो आणि मोरीतून सोडून देतो. ती राजकालुव्यांतून वाहत तळ्यात उतरते. शहराच्या आग्नेयेस सुमारे ९०० एकरांचे बेळ्ळंदूर तळे आहे. शहरातील सुमारे ४० टक्के सांडपाणी तिकडे जाते असे सांगतात. त्याखाली वर्तूर तळे, आणि तेथून ते पाणी दक्षिण पिनाकिनीस मिळून तमिळनाडूत जाते.

ह्या बेळ्ळंदूरने जगाचे लक्ष वेधले ते २०१५ मध्ये. तळ्यावर साबणासारखा फेस चढला, रस्त्यावर उडू लागला, आणि त्या फेसाने पेट घेतला. १९ जानेवारी २०१८ रोजी लागलेली आग विझविण्यासाठी लष्कराचे जवान आणावे लागले. पाणी जळते हे आम्ही पुराणात वाचले होते, ते वर्तमानपत्रात वाचण्याची पाळी आली. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्य सरकार व महानगरपालिका यांना कोट्यवधींचा दंड केला आणि तळी पूर्ववत करण्यासाठी ५०० कोटी रुपये बाजूला काढून ठेवण्यास सांगितले.

फेस आणि आग सर्वांनी पाहिली. परंतु फेस वाऱ्याने उडून जातो, आग विझते, सांडपाण्यातील मैलाही कालांतराने जिवाणू खाऊन टाकतात. मात्र एक वस्तू अशी आहे की ती कुजत नाही, जळत नाही आणि उडूनही जात नाही. ती म्हणजे धातू. शिसे, पारा, क्रोमियम, निकेल, कॅडमियम, तांबे, जस्त हे मूलद्रव्यच असल्यामुळे त्यांचे आणखी काही तुकडे होत नाहीत. पाण्यात ते फार काळ तरंगत नाहीत. मातीच्या सूक्ष्म कणांना, लोखंडाच्या गंजाला, कुजलेल्या पाल्याच्या अंशांना ते चिकटतात आणि त्यांच्यासह तळाशी बसतात. म्हणून वरचे पाणी तपासून 'धातू अल्प आहेत' असा दाखला मिळाला तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण खरी शिल्लक गाळात असते.

शास्त्रज्ञ गाळात एक लांब नळी खोल दाबतात आणि गाळाचा उभा दांडा बाहेर काढतात. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, सर्वांत वरचा अगदी अलीकडचा. एकेक थर कापून त्यातील धातू मोजले की त्या शहराने कोणत्या काळात काय सोडले ते कळते. निसर्गतःच प्रत्येक मातीत थोडा धातू असतो. जगातील सामान्य चिकणदगडात किलोमागे शिसे सुमारे २० मिलिग्रॅम, तांबे ४५ आणि जस्त ९५ मिलिग्रॅम असते. त्याहून जे अधिक सापडते त्यातील बराचसा हिस्सा माणसाच्या नावे मांडावा लागतो. बंगळूर विद्यापीठातील आणि भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ह्या तळ्यांचे पाणी व गाळ वेळोवेळी तपासले आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे मानके ठरलेली आहेत. शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, कॅडमियम ०.००३ हून अधिक नसावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. गाळाच्या बाबतीत मात्र अभ्यासकांना बहुधा परदेशी मार्गदर्शक आकड्यांचा आधार घ्यावा लागतो.

एक विचार आमच्या मनातून जात नाही. अशी नळी एखाद्या शहरी तळ्यात दाबली तर तिच्यातले वरचे थर नेमके ह्या पन्नास वर्षांचे असतील. आपल्या मंडळाची पन्नास वर्षे आणि त्या गाळाची पन्नास वर्षे एकच आहेत.

हे धातू आले कोठून? बंगळूर हे यंत्रांचे शहर. यंत्राचा प्रत्येक सुटा भाग गंजू नये म्हणून त्यावर निकेल, क्रोमियम वा जस्ताचा मुलामा चढवितात. हे प्लेटिंगचे काम बहुतेक वेळा लहान लहान शेडांत चालते. तेथे भाग धुतलेले पाणी गटारात सोडले की झाले. पीण्या औद्योगिक वसाहतीतील भूजलात क्रोमियम सापडल्याचे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणारे आहेत. मोटारींच्या टायरांतून जस्त झिजते, ब्रेकांतून तांबे झिजते, आणि पहिल्या पावसात ते रस्त्यावरून धुऊन निघते. २००० सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत असत. ते बंद होऊन पाव शतक झाले, परंतु तेव्हा रस्त्याकडेला बसलेले शिसे कोठेतरी मातीत आहेच. घराच्या रंगांतील शिशावर ९० दशलक्षांश एवढी मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे रंग भिंतींवर होते, ते खरवडले गेले, धुतले गेले.

सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे आता पुष्कळ झाली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ती मुख्यतः मैला कुजविण्यासाठी बांधलेली असतात. त्यांत धातूचा बराचसा अंश केंद्रातल्या गाळात उतरतो, म्हणजे नाहीसा न होता जागा बदलतो. २०१८ पासून बंगळुराचे प्रक्रिया केलेले पाणी कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडण्यात येऊ लागले. त्याच वर्षी तेथील एका तळ्यात फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तहानलेल्या जिल्ह्याला पाणी हवे होते हेही खरे, आणि त्याच्या मनात भीती होती हेही खरे.

'तळाशी बसले ते बसले, त्याचा उपद्रव काय?' असे कोणी विचारील. यासाठी आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात डोकावावे. पितळेच्या भांड्यात पाणी ठेवले तर काही होत नसे. त्याच भांड्याची कल्हई गेली असता ताक ठेवले तर ते कळकत असे. पितळ तेच, पण आंबटाने त्यातले तांबे सुटले. गाळाचेही असेच आहे. तळाशी प्राणवायू नसतो, तेथे सडक्या अंड्यासारखा वास येणारे गंधकाचे संयुग तयार होते आणि ते धातूंना जखडून ठेवते. तोच गाळ उपसून उन्हावाऱ्यात पसरला की गंधकाचे आम्ल होते आणि जखडलेले धातू सुटू लागतात. पाऊस त्यांना विहिरीत नेतो, शेतातील पीक त्यांना मुळातून ओढते. पालक, कोथिंबीर, राजगिरा ह्या पालेभाज्या कॅडमियम विशेषकरून घेतात. शहराच्या पश्चिमेची वृषभावती नदी सांडपाणी घेऊन बिडदीजवळच्या बैरमंगल जलाशयात जाते, आणि त्या पाण्यावर शेती होते. तेथील शेतकऱ्याने हे पाणी मागितले नव्हते, पण त्याला दुसरे मिळालेही नाही. तिथला माल फिरून आपल्याच बाजारात येतो.

जस्त आणि तांबे शरीराला अल्प प्रमाणात लागतात. पण शिशाची कोणतीही मात्रा लहान मुलांच्या मेंदूला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जपानमधील मिनामाता उपसागराची कथा आपणांस ठाऊक असेल. एका रासायनिक कारखान्याने पारा समुद्रात सोडला. तो तळाच्या चिखलात गेला, तेथून मासळीत आणि मासळीतून माणसांत. १९५६ मध्ये ह्या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याने १९६८ मध्ये ती प्रक्रिया थांबविली, तरी चिखल तसाच होता. १९७७ पासून १९९० पर्यंत सुमारे १५ लाख घनमीटर गाळ काढून ५८ हेक्टर भराव घालून तो बंदिस्त करावा लागला. पारा सोडण्यास कोणाचे काही खर्च झाले नव्हते. तो आवरण्यास तेरा वर्षे लागली.

आता बेळ्ळंदूर आणि वर्तूर येथे २०२० पासून गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा पहिला प्रश्न पुढे आला तो हाच, की लक्षावधी घनमीटर गाळ टाकावयाचा कोठे? ज्या गाळासाठी शेतकरी गाड्या घेऊन येत, त्याला आता प्रयोगशाळेचा दाखला लागतो. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे, आणि खेड्यांतील धरणांपुरती ती जुन्या शहाणपणाचीच पुनरावृत्ती आहे. पण खेड्यातील धरणाचा गाळ आणि शहराच्या पोटातला गाळ एक नव्हे. दुसऱ्या प्रकारचा गाळ तपासल्यावाचून शेतात जाऊ नये. श्रोतेहो, आपल्या पिढीचे नुकसान कोणते म्हणाल तर हे. तळी बुजली, पाणी नासले, हे तर झालेच. पण जी ठेव होती तिचे कर्ज झाले, आणि ते फेडणारे आज बालवाडीत आहेत.

इथवर आम्ही सरकार, कारखाने, महापालिका यांविषयी बोललो. ते सोपे असते. आता घरचे बोलू.

बंगळुरास बदली होऊन आल्यावर पहिल्या काही वर्षांत आम्ही आमच्या घरचा गणपती जवळच्या एका तळ्यात विसर्जित करीत असू. मूर्ती बाजारातून आणलेली, झळझळीत रंगांची, मुलांना आवडेल अशी. एका वर्षी पाऊस ओढला. उन्हाळ्यात आमच्या मातोश्रींना घेऊन आम्ही संध्याकाळी त्या तळ्याकाठी फिरावयास गेलो. पाणी बरेच आटले होते. भेगाळलेल्या गाळात कोठे सोंड, कोठे हात, कोठे उंदराचा कान असे प्लास्टरचे अवयव पडलेले होते, आणि त्यांवरचा सोनेरी रंग तेवढा शाबूत होता. मातोश्री कोकणातल्या. त्यांच्या लहानपणी गावच्या कुंभाराने शेतातल्या मातीचा गणपती करावा आणि तो ओढ्याच्या पाण्यात रात्रीत विरघळून जावा, अशी रीत. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "अरे, हा अजून इथेच आहे. मग आपण निरोप कोणाला दिला?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा देता आले नाही.

प्लास्टर पाण्यात मातीसारखे विरघळत नाही. रंगांविषयी सांगावयाचे तर, शेंदूर म्हणजे मुळात शिशाचे भस्म, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग, आणि जुना झळझळीत पिवळा रंग म्हणजे शिसे व क्रोमियम यांचे संयुग. सोनेरी रंगात तांबे-जस्ताची भुकटी असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या. त्यांत प्लास्टरच्या मूर्ती व विषारी रंग नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसर्जित मूर्ती दान करण्याची मोहीम चालविली तेव्हा पुष्कळ विरोध झाला. आज पुण्या-मुंबईपासून बंगळुरापर्यंत महापालिकाच विसर्जनासाठी वेगळे हौद बांधतात.

येथे न्याय सांगावयास हवा. तळ्यातील एकूण धातूंचा विचार केला तर बारमाही सांडपाण्यापुढे आणि कारखान्यांपुढे गणपतीच्या रंगाचा वाटा लहान आहे. केवळ मूर्ती बदलून बेळ्ळंदूर स्वच्छ होईल, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे मोठ्या अपराध्यांना मोकळे सोडणे होय. परंतु हा लहान वाटा पूर्णपणे आपल्या हाती आहे. त्यासाठी कोणत्याही लवादाची वाट पाहावी लागत नाही. आणि जो आपला वाटा टाळतो त्यालाच दुसऱ्याचा वाटा विचारण्याचा अधिकार पोहोचतो.

म्हणून मंडळापुढे आम्ही नम्रपणे तीन गोष्टी मांडतो. पहिली, सुवर्णमहोत्सवाच्या ह्या वर्षापासून मंडळाची मूर्ती साध्या मातीची असावी, रंग द्यावयाचाच तर गेरू व हळदीचा, आणि विसर्जन हौदात व्हावे. इथल्या पॉटरी टाऊनमधील कुंभारांच्या हातात ही कला पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसरी, सभासदांच्या घरातील जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइटी, पाऱ्याचे थर्मामीटर कचऱ्यात न जाता योग्य ठिकाणी पोहोचावेत, याची व्यवस्था मंडळाने वर्षातून दोनदा करावी. तिसरी, आपल्यापैकी जे कारखान्यांत अधिकारी आहेत, जे बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता, वर्तूर भागातील मोठ्या वसाहतींत राहतात, त्यांनी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. आमचे पाणी येथून पुढे कोठे जाते, आणि त्याचा गाळ कोण उचलतो? प्रश्न साधा आहे, पण तो विचारला जात नाही म्हणूनच पन्नास वर्षे निभावून गेली.

काही ज्येष्ठ सभासदांना वाटेल की भव्य, रंगीत मूर्ती ही आपल्या मंडळाची परंपरा आहे, ती कशी मोडावी? त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु मंडळाच्या दप्तरात पहिल्या वर्षाचा एक फोटो आहे, तो त्यांनी अवश्य पाहावा. भाड्याच्या खोलीत, स्टुलावर, वीतभर उंचीचा मातीचा गणपती आहे, आणि सभोवती दहा-बारा माणसे दाटीवाटीने उभी आहेत. घरापासून दूर आलेल्या त्या मंडळींना एकत्र येण्यास तेवढी मूर्ती पुरली होती. त्या वर्षीचा गणपती पाण्यात विरघळून गेला असेल. पुढच्या पुष्कळांविषयी आम्हांला तसे म्हणता येत नाही.

परगावी राहणाऱ्या माणसाची एक खोड असते. गावाकडची नदी त्याची असते, आणि जेथे तो राहतो तेथले तळे दुसऱ्या कोणाचे तरी असते. पन्नास वर्षांनंतर आपल्याला तसे म्हणता येणार नाही. आपली मुले इथे जन्मली, इथल्या शाळांत कन्नड शिकली, इथलीच भाजी खाऊन वाढली. हे तळे त्यांचे आहे, आणि त्याच्या तळाशी जे आहे तेही त्यांच्याच वाट्याला येणार आहे. शताब्दीच्या वर्षी कोणी पुन्हा त्या गाळात नळी दाबली, तर ह्या वर्षापासूनचे थर तरी त्याला थोडे स्वच्छ आढळावेत, एवढीच आमची इच्छा आहे.